दोन काट्यांची पेटी

"ती पेटी आज दुपारी काढून ठेवा," जीपमध्ये चढता चढता रेगे सर म्हणाले. "उद्या साहेब लोक यंत्र बघायला येतील तेव्हा टेबलावर जुनीच दिसली पाहिजे."

"पण सर, वारा सुटला की जुनी पेटी..."

"वारा सुटला की चकत्या फिरवायच्या. आठ वर्षं मी तेच करतोय. कोठावळे, जिथे एक यंत्र पुरतं तिथे दोन बसवली की बिघाडही दुप्पट होतात. एवढं लक्षात ठेवा."

जीप सुरू झाली. थोडी पुढे जाऊन थांबली. सरांनी मान बाहेर काढली.

"आणि जेवण वेळेवर करा. कामात विसरता तुम्ही."

मग धुरळा उडवत जीप घाटाच्या रस्त्याला लागली.

ही त्र्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. डॉ. गजानन रेगे माझे वरिष्ठ. शर्टाची बाही कधी दुमडायचे नाहीत, कुणाला अरे-तुरे करायचे नाहीत, आणि स्वतःला पटल्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत. आम्ही दोघं तीन आठवडे हातकुंडीच्या धरणावर मुक्काम ठोकून होतो.

धरण तसं लहान, पण त्याच्या वरचं खोरं मोठं खोडसाळ. वर सडेवाडीच्या जंगलात ढगफुटी झाली तरी खाली धरणावर लख्ख ऊन असायचं, आणि दोन-अडीच तासांनी पाण्याचा लोंढा समोर यायचा. सडेवाडीला नदीचं पाणी मोजायचं ठाणं होतं. तिथली बातमी खाली आणायची कशी, हा प्रश्न होता. वायरलेस डोंगरांत अडकायचा. तांब्याची तार टाकली की चोरीला जायची. म्हणून खांबांवरून काचतंतूची केबल नेली होती, आवाज उजेडावर बसवून नेणारी. कुठल्या कुठल्या कामांतून उरलेले तुकडे सांधून केलेली. वाटेत सगळं जंगल, वीज नाही, त्यामुळे मध्ये कुठे उजेडाला ताकद द्यायची सोय नाही. सांध्यासांध्याला गळत गळत तो उजेड खाली पोचेपर्यंत इतका क्षीण व्हायचा की साध्या यंत्राला त्याचा पत्ताही लागायचा नाही.

रेगे सरांचं काम इथे होतं. ते खाली धरणावर आपला एक छोटा लेझर ठेवायचे आणि वरून आलेल्या मंद उजेडात त्याचा उजेड मिसळायचे. दोन्ही नीट मिसळले की त्या मंद उजेडावर बसून आलेला आवाज उठून ऐकू यायचा. अट एकच, दोन्ही उजेडांची कंपनं एकाच दिशेनं व्हायला हवीत. झोपाळ्यासारखं आहे ते. झोपाळा पुढे-मागे हलणारा असेल तर धक्काही तसाच द्यावा लागतो. बाजूनं कितीही ढकला, झोका चढत नाही. आमच्या लेझरची दिशा ठरलेली होती. पण वरचा उजेड यायचा डोंगरातून लोंबणाऱ्या केबलीतून. ती वाऱ्यानं पिळवटली, उन्हानं तापली, की उजेडाची दिशा फिरायची, आणि ती पार आडवी झाली की आवाज गडप.

यावर सरांचा उपाय म्हणजे काचतंतूची वेटोळी घातलेल्या तीन चकत्या. आवाज बुडायला लागला की त्या बोटांनी हलकेच फिरवून दिशा पुन्हा जुळवायची. शांत हवेत तासाभरानं एकदा बोट लावलं तरी भागायचं. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून सर त्या फिरवायचे, तेव्हा ते तंबोरा लावताहेत असं वाटायचं.

मी वेगळा मार्ग धरला होता. आलेला उजेड एका स्फटिकातून दोन वाटांनी फोडायचा, उभ्या कंपनाचा एकीकडे, आडव्याचा दुसरीकडे. दोन्ही वाटांवर लेझरचा निम्मा निम्मा उजेड घालायचा. म्हणजे एकमेकांना काटकोनात टांगलेले दोन झोपाळे. धक्का कुठूनही येऊ दे, एक तरी हलणारच, आणि दोघांची बेरीज केली की आवाज तेवढाच राहणार. माझ्या पेटीच्या तोंडावर दोन काटे होते, एकेका वाटेचा एकेक. एक खाली गेला की दुसरा वर चढायचा.

सरांचा तिच्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. पुण्यात दोनदा पाहुण्यांसमोर तिचं बेरजेचं सर्किट बंद पडलं होतं. तसली एकच पेटी तयार होती. ती धरणावर, माझ्याजवळ, इथल्या जुन्या पेटीच्या जागी लावलेली. वर सडेवाडीला सरांची जुनी, चकत्यांची पेटी होती. बोलणं दोन्ही बाजूंनी व्हायचं, फोनसारखं, पण वरचं मी माझ्या पेटीवर ऐकायची आणि माझं सडेवाडीला जुन्या पेटीवर ऐकलं जायचं. त्या दिवशी वरची यंत्रणा तपासायला सर स्वतः गेले होते.

दुपारी त्यांचा आवाज आला. "सडेवाडी बोलतंय. कोठावळे, जेवलात?"

"नाही सर. आता जाते."

"पेटी?"

"जेवून आले की काढते."

"बरं. इकडे आभाळ भरून आलंय. धाकू म्हणतोय, परतीचा पाऊस इथे एकदा झोडपल्याशिवाय जात नाही."

धाकू झोरे हा सडेवाडीच्या ठाण्यावरचा माणूस. नदीच्या काठाला रोवलेल्या आकड्यांच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघून सांगायचं, हे त्याचं काम.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आमच्याकडे ढगाचा ठिपकाही नव्हता. आमची खोली धरणाच्या एका टोकाला, उंचावर. खाली नदीचं कोरडं पात्र दिसायचं, आणि त्या दिवशी पात्रात माणूस मावत नव्हता. काठावरच्या दर्ग्याचा उरूस होता. पाणी अडवलेलं असल्यामुळे ऑक्टोबरात पात्र सुकायचं, आणि वाळूवर, कातळावर दुकानं लागायची. बांगड्यांची, खेळण्यांची, भज्यांची. मधोमध मोठा फिरता पाळणा उभा केला होता. पंचक्रोशीतल्या सगळ्या जातीधर्मांची माणसं लेकराबाळांसकट आली होती, आणि संध्याकाळी पात्रातूनच चंदनाचा लेप नेणारी संदलची मिरवणूक निघायची होती.

डबा खाऊन मी परत आले, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पेटीच्या मागच्या बाजूला हात घातला. एवढ्यात पुढचे काटे हलताना दिसले. सकाळपासून ते सुस्त पडून होते. आता डावा हळूहळू खाली निघाला होता आणि उजवा वर.

वर वारा सुटला होता.

मी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तीन आठवड्यांत एवढा वारा पहिल्यांदाच आला होता, आणि मला तो बघायचा होता. तासाभरानं काढली तरी काय बिघडणार होतं?

"कोठावळे," सरांचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "काहीतरी बोला. तुमचा आवाज बुडतोय."

"बोलते सर. एक, दोन, तीन..."

"नाही येत. थांबा, चकत्या फिरवतो. हां, आला. गेला. बोलत राहा, बोलत राहा."

मी आकडे म्हणत राहिले. वर ते चकत्या फिरवत होते, आणि त्यांनी दिशा जुळवली की वारा ती पुन्हा मोडत होता. मग काटे जोरात हलायला लागले. डावा वर, उजवा खाली, लगेच उलट. एवढ्या वेगानं कुणाची बोटं चालणं शक्यच नव्हतं.

"काही ऐकू येत नाही," सर म्हणाले. मागे पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. "कोठावळे, मला तुमचं काहीही ऐकू येत नाही. मी थोड्या वेळानं पुन्हा बघतो."

मी मात्र बसल्या जागी खुशीत होते. वर एवढं तुफान, काटे वेड्यासारखे नाचताहेत, आणि आवाजात तसूभरही फरक नाही. उद्या सरांना हे कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते.

पाऊण तास गेला असेल.

"कोठावळे! रेगे बोलतोय. तुम्हाला ऐकू येत असेल असं धरून बोलतो. नदी चढतेय. मघाशी पट्टीवर दोन मीटर होतं, आता साडेतीन आहे. वरच्या अंगाला ढग फुटलाय. थोरवतांना सांगा. पात्र रिकामं करा. ऐकताय ना? पात्र रिकामं करा!"

मी बोलायचा रिसीव्हर उचलला. "सर, ऐकलं! सर, सांगते लगेच!" आणि मग आठवलं, त्यांना माझं काही पोचत नाही.

थोरवत साहेब म्हणजे धरणाचे शाखा अभियंता. मी धावत त्यांच्या खोलीत गेले. ते आरशासमोर उभे होते. दर्ग्याच्या मुजावरांनी त्यांना मानाचा गुलाबी फेटा बांधला होता, मजारीवर गलेफ, म्हणजे चादर, चढवायला निघण्याच्या तयारीत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि शांतपणे खिडकीकडे बोट केलं.

"मॅडम, आभाळ बघा की जरा."

"इथलं नाही साहेब, सडेवाडीचं."

"ते समजलं मला. पण आज उरूस हाय. चार-पाच हजार माणूस हाय खाली. बायका-पोरं हाईत. उगीच पळापळ झाली आणि कोण तुडवून मेलं, तर?" ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला. "आणि राग मानू नका, पण काल रेगे साहेबच मला म्हणाले, ह्या नव्या पेटीवर भरवसा ठेवू नका. म्हणाले का न्हाई?"

"म्हणाले."

"मग? त्यातनं एक आकडा चुकीचा आला तर?"

"तुम्ही येऊन ऐका," मी म्हणाले. "एकदा ऐका, मग ठरवा."

ते आले. जिना चढतानाही फेटा सावरत होते. खोलीत सरांचा आवाज घुमत होता.

"...चार मीटरच्या वर. पुन्हा सांगतो, चार मीटरच्या वर. थोरवत, तुम्ही ऐकत असाल तर, पाणी तुमच्याकडे पाच-साडेपाचपर्यंत पोचेल. तुमचं धरण भरलेलं आहे, दरवाजे उघडावेच लागतील. आधी माणसं काढा."

थोरवत साहेब पेटीकडे बघत उभे राहिले. "ह्यो काटा असा का करतोय?"

"वारा आहे तिकडे. दोन्ही मिळून बेरीज तीच राहते. आवाज बघा ना, तुटतोय का?"

तेवढ्यात स्पीकरमधून दुसरा आवाज आला, लांबून, पावसातून, घसा फाडून ओरडलेला. "सायेब! पट्टी गेली! पट्टी दिसंना झाली!"

थोरवतांचा चेहरा बदलला. "धाकू हाय त्यो," ते म्हणाले.

"हो."

"मॅडम, ह्या माणसाला एकदा घोणस चावली होती. स्वतः चालत आला दवाखान्यात आणि डॉक्टरला म्हणाला, बाहेरच्या पेशंटला आधी घ्या. त्यो वरडत न्हाई कधी."

त्यांनी विभागीय कार्यालयाला फोन लावला. रविवार होता. बराच वेळ घंटी वाजत राहिली. त्यांनी फोन ठेवला, फिरून दरवाज्यांच्या ऑपरेटरला हाक मारली, "पहिला भोंगा दे! दरवाज्याला मी सांगितल्याशिवाय हात लावायचा न्हाई!" आणि तसेच, गुलाबी फेट्यानिशी, धरणाच्या पायऱ्या उतरून पळत सुटले. सुटलेलं पोट, वयानं पन्नाशीचे, पण ते पळणं मी अजून विसरलेले नाही.

मला खोली सोडता येईना. सर बोलत होते. कुणीतरी ऐकायला हवं होतं, दर नव्या आकड्याला निरोप खाली पाठवायला हवा होता. मी खिडकी आणि पेटी यांच्यामध्ये उभी राहिले.

भोंगा वाजला, पण खाली कुणी हललं नाही. कर्ण्यांवर कव्वाली लागलेली, पाळणा फिरत होता. लोकांनी माना वर करून पाहिलं आणि पुन्हा दुकानांकडे वळले. मग गर्दीत गुलाबी फेटा दिसला, दर्ग्याच्या पायऱ्यांकडे सरकणारा. कव्वाली अर्ध्यावर बंद पडली. थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग मुजावर चाचांचा आवाज. दस्तगीर मुजावर, सत्तरीचे, गावात सगळ्यांना वडिलांच्या ठिकाणी.

"ऐका समदे. संदल हितं वर हुईल, दर्ग्याच्या अंगणात. पात्रात कुणी थांबायचं न्हाई. पीरसाहेब नदीत न्हाईत, हितं वर हाईत. आपापली पोरं हाताला धरा आणि सावकाश वर या. दुकानदारांनी माल सोडा. माल पुन्हा मिळंल. पळू नका, सावकाश या."

हेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, न चिडता, अंगाईच्या लयीत. आणि माणसं निघाली. आधी काठाजवळची, मग मधली. पाळणा थांबला. वरच्या डब्यात अडकलेल्या पोरांना एकेक करून खाली आणताना पाळणेवाल्याचे हात चालताना दिसत होते. बांगडीवाल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन चढत होत्या. एक म्हातारा मध्येच खुर्ची टाकून बसला होता, तो उठायला तयार नव्हता. थोरवत साहेबांनी आणि एका पोलिसानं त्याला खुर्चीसकट उचललं.

इकडे सरांचा आवाज बसत चालला होता. ते एकच निरोप घोळवत होते. आकडा, वेळ, पात्र रिकामं करा. आकडा, वेळ, पात्र रिकामं करा. मध्येच थांबले. मला वाटलं, संपलं. बॅटरी गेली.

मग ते बोलले, हळू, जणू समोर कुणी नाहीच.

"जेवण कधीच झालं असेल तुमचं. म्हणजे पेटीही काढली असेल. मीच सांगितलं होतं. आणि जुनी पेटी असल्या वाऱ्यात..." पावसाचा आवाज आला. "धाकूला मी म्हटलं, तुम्ही जा. जंगलातून पळत गेलात तर रात्रीपर्यंत पोचाल. तो म्हणाला, साहेब, पाणी माझ्याआधी पोचंल. बरोबर आहे त्याचं."

मी रिसीव्हर तोंडाशी धरून ओरडत होते. "सर, ती पेटी लावलेली आहे! सर, सगळं ऐकू येतंय! लोक वर येताहेत!" मूर्खपणा होता, मला ठाऊक होतं. तरी ओरडत होते.

"असो," सर म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "सडेवाडी बोलतंय. पाणी अजून चढतं आहे. पात्र रिकामं करा."

सगळी माणसं वर आल्यावर थोरवतांनी दरवाजे उघडायला सांगितलं, आधी थोडे, मग आणखी. धरणात लोंढा मावायला जागा करायची होती. पात्रात पाणी पसरलं, दुकानांच्या पालांखाली शिरलं. मग ऊन कलताना वरून तो आला. पाणी वाटत नव्हतं, चिखलाचा डोंगर सरकतोय असं वाटत होतं, त्यात अख्खी झाडं. सगळे दरवाजे पूर्ण उघडावे लागले. जिथे तासाभरापूर्वी भजी तळली जात होती तिथे तपकिरी पाणी उसळ्या मारत होतं. पाळण्याचा एकेक डबा बुडत गेला आणि शेवटी सगळा सांगाडा आडवा झाला. काठावर हजारो माणसं उभी राहून बघत होती.

मग दर्ग्याच्या अंगणात मुजावर चाचांनी गावांची नावं घेऊन विचारायला सुरुवात केली. "बाचणीचे आले का समदे? आकुर्डे? मांगवाडा?" प्रत्येक गावातून कुणीतरी ओरडून सांगायचं, आले. दोन पोरं सापडत नव्हती, ती जिलेबीच्या गाडीखाली झोपलेली सापडली, वर काठावर. त्यांच्या आईनं आधी त्यांना बडवलं आणि मग मिठी मारली. थोरवत साहेब दर्ग्याच्या पायरीवर बसले, फेटा काढून मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखे त्याच्याच शेवानं तोंड पुसत राहिले.

सूर्य बुडायच्या सुमारास सरांचा आवाज थांबला. शेवटपर्यंत ते बोलत होते. शेवटचे शब्द घोगरे होते, पण तुटलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घाटाचा रस्ता वाहून गेल्याचं कळलं. जीप यायचा प्रश्नच नव्हता. वरचा वारा पडला होता, पण सडेवाडीच्या बॅटऱ्या संपलेल्या, त्यामुळे दोन्ही काटे शून्यावर. मी सकाळभर रस्त्याकडे बघत होते.

दुपार व्हायच्या आत ते आले, रस्त्यानं नाही, मागच्या डोंगरावरून, जंगलातून चालत. धाकू झोरे पुढे आणि सर मागे. धाकू खालीच थोरवतांच्या खोलीकडे वळला. सर एकटे जिना चढून आले. शर्टाची एक बाही खांद्यापासून फाटलेली. पायात एकच बूट, दुसऱ्या पायाला धाकूचा डोक्याचा पटका गुंडाळलेला. दारात थांबले. माझ्याकडे बघेनात. त्यांची नजर जमिनीवर होती. घसा पार गेला होता, नुसता वारा बाहेर येत होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

मला कळलं असं वाटलं. कालपासून तीच वाक्यं मी जुळवून ठेवली होती. "एकदाही नाही, सर! एकदाही तुटलं नाही. काटे पार शून्यापर्यंत जात होते, पण एक गेला की दुसरा..."

त्यांनी हात वर केला. "ते नाही." डोळे मिटले. "माणसं किती गेली?"

तेव्हा मला ध्यानात आलं. ते डोंगरावरून आले होते. तिथून पात्र दिसतं. चिखलाचं पाणी, आडवा पडलेला पाळणा, झाडांना अडकलेली पालं, बांगड्यांच्या दुकानाची तुटलेली फळी. काठ दिसत नाही, दर्गा झाडीत लपतो. कालपासून हा माणूस चार-पाच हजार प्रेतं मनात घेऊन चालत होता. आणि काल दुपारपासून संध्याकाळपर्यंत जे बोलत होता, ते कुणी ऐकत नाही अशी खात्री असतानाही बोलत होता.

"एकही नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. त्यांना शब्द समजला नसावा.

"एकही माणूस गेला नाही. सगळे वर आले होते. तुमचा पहिला निरोप आला तेव्हापासून शेवटपर्यंत सगळं ऐकू आलं. पट्टी बुडाली तेही. धाकूला पळत पाठवायचं म्हणालात तेही."

ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. हळूहळू खाली सरकले आणि तिथेच, उंबऱ्याजवळ, फरशीवर बसले. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते की रडत होते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी ते कधी विचारलंही नाही.

"पेटी काढली नव्हतीत?"

"नाही सर."

"मी सांगितलं होतं."

"हो."

"का नाही काढली?"

"वारा सुटला. बघत बसले."

"बघत बसलात," ते म्हणाले, आणि मान भिंतीला टेकवली. "सडेवाडीलाही एक लावा. तसलीच. मला तिथे..." वाक्य अर्धंच राहिलं. मी पाणी घेऊन आले तर ते झोपले होते, फरशीवर, पाय दारातून बाहेर, तोंड उघडं.

त्या पेट्या पुढे झाल्या, बऱ्याच झाल्या, आणि मी आयुष्यभर तेच काम केलं. सर निवृत्त झाले त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं नाही, पण चहाच्या वेळी मला बाजूला बोलावून म्हणाले, "कोठावळे, जेवलात का?" एवढंच. मला पुरेसं होतं.

पण धरणावरच्या त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली. ठरल्याप्रमाणे साहेब लोक आले. लांबच्या रस्त्यानं, तीन गाड्यांतून, पुराची बातमी ऐकून घाईनं. जिन्यावर बुटांचे आवाज झाले. सगळ्यात पुढे जे मोठे साहेब होते त्यांनी वर येता येता खड्या आवाजात विचारलं, "कुठे आहे तुमचं ते यंत्र?"

थोरवत साहेब त्यांच्या पुढे धावत वर आले. दारात आडवे पडलेले पाय त्यांनी पाहिले, आणि मागे वळून, आपल्या सगळ्या नोकरीत बहुधा पहिल्यांदाच, वरिष्ठांच्या तोंडासमोर बोट धरलं.

"साहेब, जरा हळू," ते कुजबुजले. "माणूस झोपलंय."

आणि सगळे साहेब लोक, हातात टोप्या घेऊन, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले.